केस न गळणारा कुत्रा

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आटोपून सगळे चर्चमधून घरी आले तेव्हा एक वाजून गेला होता. लिफ्ट आठवडाभर बंदच होती. नाहेद कठडा धरून धरून चार मजले चढली, दारात एक हात छातीवर ठेवून उभी राहिली आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिने विचारलं, "बोंदोक कुठाय?"

कुलपात किल्ली फिरली आणि दारापलीकडून नखांची धावपळ ऐकू आली नाही, असं नऊ वर्षांत कधी झालं नव्हतं.

"गॅलरीत आहे," तिची भावजय मार्लीन म्हणाली. "दार लावून घेतलंय."

"बाबांच्या चाळिसाव्याला बाबांचाच कुत्रा गॅलरीत?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, नाहेद. माझ्या युस्तिनाच्या छातीचं तुम्हाला ठाऊक आहे ना? की अलेक्झांड्रियाला तेवढी बातमी पोचली नाही?"

"पोचली. पडदे बदलल्याचीही पोचली."

त्या दोघींच्या मागे नाहेदची बहीण ओदेत उभी होती. हातात चर्चमधून आणलेल्या प्रसादाच्या पावांची पिशवी, अंगात काळा झगा. दोघींपैकी कुणी बाजूला झाल्याशिवाय तिला आत जाता येईना आणि बाजूला व्हा म्हणायचं तिच्या तोंडून निघेना. बावन्न वर्षं ती याच घरात राहिली होती. आईचं अर्धांगवायूचं दुखणं तिने इथेच काढलं आणि बाबांची शेवटची अकरा वर्षंही. बाबा गेले, आणि पंधरा-वीस दिवसांत धाकटा भाऊ रऊफ बायको-मुलांना घेऊन इथे आला. भाड्याचं घर मालकाने परत मागितलं होतं. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे," रऊफ म्हणाला होता. पहिल्याच आठवड्यात मार्लीनने दिवाणखान्याचे पडदे बदलले, आणि दुसऱ्या आठवड्यात ओदेत आपली खोली सोडून स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत गेली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. मुलांना उजेड हवा, असं तीच म्हणाली होती.

जेवणं झाली. द्राक्षाच्या पानांत भरलेला भात, भाजलेलं बदक, मार्लीनच्या हातची मॅकरोनी. नाहेदने मॅकरोनीला हात लावला नाही आणि मार्लीनने ते पाहिलं. टेबल आवरायच्या आधीच मार्लीनच्या सहा वर्षांच्या बिशॉयने कागदांचा गठ्ठा आणून मधोमध ठेवला. कुत्र्यांची चित्रं होती, कात्रीने वेडीवाकडी कापलेली.

"हे काय आता?" नाहेदने विचारलं.

"आम्हाला नवीन कुत्रा मिळणार आहे," बिशॉय म्हणाला. "ज्याचे केस गळत नाहीत तो. मग युस्तिना मरणार नाही."

"बिशॉय!" रऊफ ओरडला.

नऊ वर्षांची युस्तिना ताटातल्या भाताच्या शितांच्या रांगा लावत होती. तिने मान वर केली नाही.

मार्लीन औषधांच्या दुकानात बसायची. तिची यादीही तशीच होती, एकाखाली एक, ठसठशीत अक्षरात. पूडल, बिशाँ, माल्टीज, श्नाउझर. प्रत्येकापुढे फुली नाहीतर बरोबरची खूण. "छातीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. केसाळ जनावर घरात नको. मुलांना अगदी हवंच असेल तर या जातींपैकी बघा. मी मुलांना शब्द दिलाय. एक जाईल त्या बदल्यात एक येईल. यात मी कुणाचं काय वाईट केलं?"

नाहेदने एक चित्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. "याला कुत्रा म्हणतात? हा तर कापसाचा बोळा. बिशॉय चुकून बसला तर सपाट होईल."

"मी नाही बसणार!"

"आणि चोर आला तर हा काय करेल? त्याच्या मांडीवर जाऊन बसेल?"

रऊफला हसू आलं. मार्लीनने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने ते गिळलं. त्याचं लहानपणापासून असंच होतं. खोलीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला तो असायचा, आणि आवाज बदलला की बाजूही बदलायची.

"अल्सेशियन जातीचा एवढा थोरला कुत्रा," मार्लीन म्हणाली, "वर्षातून दोनदा पोतंभर केस टाकतो. सोफ्यावर केस, भातात केस. मी माझ्या मुलीच्या उशीवरून मूठभर केस गोळा केलेत. ओदेत, तूच सांग. तूच होतीस ना तिला दम लागला त्या दिवशी?"

"हो," ओदेत म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

तेवढ्यात डॉक्टर हातेम आले. जनावरांचे डॉक्टर. बोंदोक दोन महिन्यांचा होता तेव्हापासूनचे, आणि बाबांबरोबर दर गुरुवारी सोंगट्या खेळणारे. ते सांत्वनाला येणार होते आणि रऊफने त्यांना कुत्र्याचंही विचारायचं ठरवलं होतं. आल्या आल्या ते सरळ गॅलरीकडे गेले, काचेवर बोट वाजवलं. आतून बोंदोकने पुढचे पाय काचेवर ठेवले आणि शेपटीने कुंड्या बडवल्या. मग डॉक्टर सोफ्यावर बसले, बिनसाखरेची कॉफी हातात घेतली आणि मार्लीनची यादी चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका, मादाम. केस न गळणारा म्हणजे न बाधणारा, असं नसतं. माणसाला बाधतो तो केस नव्हे. कुत्र्याची लाळ, कातडीचा कोंडा, ते बाधतं. या जातींचे केस घरभर पडत नाहीत म्हणून कोंडा कमी पसरतो, एवढंच. अजिबात न बाधणारा कुत्रा देवाने अजून केलेला नाही."

"पण कमी तर बाधतो?"

"काहींना कमी. काहींना तेवढाच. आणि केस गळत नाहीत म्हणजे ते वाढत राहतात. रोज विंचरायचे, सहा आठवड्यांनी कापायचे. चार दिवस हयगय केली की गाठी होतात, कातडी ओढली जाते, जनावर कळवळतं. हे रोज कोण करणार?"

एकेक करून सगळ्यांची नजर ओदेतकडे गेली. मार्लीनची सगळ्यात आधी.

"माल्टीज खोडा," डॉक्टर म्हणाले. "हाडं काटकुळी. लहान मूल घेऊन पळतं, हातातून सुटतो, पाय मोडतो. श्नाउझर चांगला, पण हट्टी. मी असतो तर मधल्या चणीचा पूडल घेतला असता. शहाणा असतो, मुलांत रमतो. पण आणायच्या आधी मुलीला त्याच्याजवळ दोन-तीनदा तास तासभर बसवा. काही झालं नाही तरच आणा. आणि शुक्रवारच्या बाजारातून पिल्लू घेऊ नका, चार दिवसांत माझ्याकडे मरायला आणाल."

मार्लीनने पूडलखाली दोन रेघा ओढल्या. "झालं मग."

"नाही झालं." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मला एक कळत नाही. ही पोर रांगत होती तेव्हापासून या घरात येते. बोंदोकच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा शिंकसुद्धा आली नाही. मग त्या दिवशी एकाएकी असं काय झालं? घरात काही झाडझूड? जुन्या गाद्या, गालिचे काढले होते का?"

"मी दुकानात होते," मार्लीन म्हणाली. "रऊफ ऑफिसात. घरी ओदेत होती."

ओदेत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते.

त्या दिवशी दुपारी ती आणि युस्तिना, दोघीच घरी होत्या. न्हाणीघरावरच्या पोटमाळ्यावर कुठली पेटी आहे, असं युस्तिनाने विचारलं. एकदा नव्हे, तीनदा. मार्लीनने बजावलं होतं, चाळिसाव्यापर्यंत घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूला हात लावायचा नाही, सगळे जमल्यावर काय ते बघू. पण ती पेटी बाबांची नव्हती. ओदेतची होती. सव्वीस वर्षांपूर्वी आईने तिच्या लग्नासाठी भरलेली. चादरी, टॉवेल, आणि सगळ्यात खाली गुलाबी साटिनची कापूस भरलेली रजई. तिच्यावरची वेलबुट्टी आईने दोन हिवाळे बसून घातली होती. लग्नाला पाच आठवडे उरले असताना आईचं अर्धं अंग लुळं पडलं. होणारा नवरा मुनीर आधी चार महिने थांबला, मग वर्षभर, आणि मग माँट्रियलला निघून गेला. पेटी वर गेली ती पुन्हा खाली आली नव्हती.

ओदेतने शिडी लावून ती खाली काढली. का काढली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांत तिला कुणी त्या पेटीबद्दल विचारलं नव्हतं, हे एक कारण असेल. झाकण उघडलं तेव्हा कुबट वास आला. रजईवर काळसर डाग पडले होते, पण गुलाबी रंग मधून मधून तसाच होता. युस्तिना "राणीची आहे!" म्हणाली आणि तिच्यात शिरली. लोळली, डोक्यावरून घेतली, तंबू केला. ओदेतने तिला अडवलं नाही. ती हसत होती. आपण मोठ्याने हसतोय हे तिच्या ध्यानात आलं, एवढ्यात रजईखालून तो आवाज आला. शिट्टीसारखा.

पुढच्या पाऊण तासातलं तिला धड आठवत नव्हतं. औषधाचा फवारा सापडला, श्वास जेमतेम चालू लागला, मार्लीन धावत आली. त्याआधी रजई पेटीत आणि पेटी वर गेली होती. ती मात्र ओदेतने कशी चढवली ते तिला स्वच्छ आठवत होतं. पोर खोलीत उशीला टेकून श्वास ओढत होती आणि ही शिडीवर होती. मार्लीनने विचारलं, "काय झालं? कशाने झालं?" आणि ओदेत म्हणाली, "बोंदोक तिच्या पलंगावर झोपला होता."

"मादमोझेल ओदेत?" डॉक्टर हातेम वाट बघत होते. "काही झाडलं होतं का?"

युस्तिनाने आता मान वर केली. तिचे डोळे आत्याच्या तोंडावर होते. त्यांत तक्रार नव्हती. अम्मतो, आपली आत्या, आता सांगेल, एवढाच भरवसा होता.

"नाही," ओदेत म्हणाली. "काही झाडलं नव्हतं."

मुलीने डोळे खाली केले.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तरीही माझं ऐका. बोंदोकला दोन आठवडे माझ्या दवाखान्यात ठेवतो. तुम्ही घर धुऊन काढा. पडदे, गाद्या, पोटमाळा, सगळं. तेवढ्यात मुलीला काय बाधतं त्याची कातडीवरची तपासणी करून घ्या. मग काय ते ठरवा. नऊ वर्षांचा कुत्रा आहे. या वयात घर सुटलं तर तो कुठेच रुजत नाही."

"हे पटतं," रऊफ लगेच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलं. "दोन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

"बघ!" नाहेदने टेबलावर हात आपटला. "एवढी साधी गोष्ट. पण नाही, इथे आधी निकाल आणि मग चौकशी. बाबांची पाठ फिरली नाही तोवर बाबांचं जे जे आहे ते घराबाहेर."

"माझ्या मुलीचा जीव म्हणजे तुम्हाला पडदे वाटतात का हो?" मार्लीनचा आवाज फुटला. "तिचे ओठ निळे पडलेले तुम्ही पाहिलेत? मी पाहिलेत. दोन आठवड्यांनी तो परत येणार आणि मी रोज दुकानात बसून फोनकडे बघत राहणार. रऊफ, तू काहीतरी बोल."

"मी बोललो ना, म्हणजे डॉक्टर म्हणतात तसं..."

"मग ओदेतला विचारा," नाहेद म्हणाली. "त्याला हाताने भरवलंय ते तिने. ती म्हणेल ते मला मान्य. सांग गं. राहू दे म्हण, मी बघते कोण काढतं ते."

सगळे तिच्याकडे वळले. ओदेतला आठवेना की या दिवाणखान्यात याआधी कधी तिचं मत असं मागितलं गेलं होतं. गॅलरीच्या काचेवर बोंदोकच्या श्वासाचं एक धुरकट वर्तुळ उमटत होतं आणि पुसलं जात होतं. तिच्या मनात एकच गोष्ट होती. डॉक्टर पोटमाळा म्हणाले होते. घर धुवायचं म्हणजे पेटी खाली येणार. मार्लीन ती उघडणार, कुबट रजईवर मुलीच्या डोक्यातली पिवळी पिन सापडणार, जी ओदेतला नंतर कितीही शोधून मिळाली नव्हती. आणि मग मार्लीन ओरडणारसुद्धा नाही. रऊफला म्हणेल, हिला नाहेदकडे पाठव.

"नको," ओदेत म्हणाली.

"काय नको?"

"दोन आठवडे नको. जायचंय तर एकदाच जाऊ दे. जनावराला इकडे तिकडे करत कशाला ताटकळत ठेवायचं."

डॉक्टर हातेमनी चष्मा काढून खिशात ठेवला. मार्लीन उठली, ओदेतजवळ आली आणि तिने तिला मिठी मारली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "तुला किती जड गेलं असेल," ती म्हणाली. "मी विसरणार नाही हे. ती स्वयंपाकघराशेजारची खोली तुला फार कोंदट आहे. आपण काहीतरी करू."

नाहेद तिच्यामागून स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं.

"तुला झालंय काय? मी तुझ्यासाठी भांडत होते."

"तू माझ्यासाठी नाही भांडत. तू तिच्याशी भांडतेस."

"असेल. पण कुत्रा तर वाचला असता!"

"तू संध्याकाळच्या गाडीने जाशील, नाहेद." ओदेतने नळ सोडला. "मला इथे राहायचंय."

"बाबांना शेवटच्या दिवसांत तुझं नाव आठवत नव्हतं," नाहेद म्हणाली. "बोंदोकचं आठवत होतं." मग पर्स उचलून ती बाहेर गेली आणि गाडीच्या वेळेच्या दोन तास आधीच निघाली.

बोंदोक मंगळवारी गेला. रऊफच्या ऑफिसातल्या एकाचं इस्माइलिया रस्त्यावर आंब्याचं शेत होतं. तिथल्या राखणदाराला कुत्रा हवा होता. जिन्यावरून उतरताना बोंदोकने एकदाही पट्टा ओढला नाही, फिरायला निघालोय असंच त्याला वाटत होतं. गाडीचं दार लागल्यावर मात्र त्याने काचेतून ओदेतला शोधलं. ती फुटपाथवर होती. तिने हात हलवला आणि लगेच खाली घेतला.

पूडल दहा दिवसांनी आला. पाच महिन्यांचा, जर्दाळूच्या रंगाचा. म्हणून बिशॉयने त्याचं नाव मिशमिश ठेवलं, जर्दाळू. डॉक्टर हातेमनी सांगितलं होतं तसं मार्लीनने युस्तिनाला त्याच्या आधीच्या घरी तीनदा नेऊन बसवलं होतं. छाती स्वच्छ राहिली. सोफ्यावर केस पडेनात, भातात सापडेनात. मार्लीनच्या मैत्रिणी येऊन काळे कपडे घालून सोफ्यावर बसून बघायच्या आणि उठून म्हणायच्या, "खरंच गं, एक केस नाही!" रोज सकाळी दहा वाजता ओदेत स्टुलावर बसून त्याला विंचरायची. कानामागे गाठी व्हायच्या. त्या बोटांनी सोडवताना तो तिचा हात चाटायचा. चांगला कुत्रा होता. त्याच्यावर राग काढावा असं त्याने काही केलं नव्हतं.

युस्तिना त्याच्याशी खेळायची, पण हसायची नाही. आत्याशी बोलायचीही. "अम्मतो, मीठ दे." "अम्मतो, माझे मोजे कुठायत?" पेटीबद्दल तिने कुणालाही सांगितलं नाही. ओदेत रोज वाट बघायची की आज सांगेल. आईला नाही तर बापाला, शाळेत मैत्रिणीला, कुणाला तरी. नऊ वर्षांच्या पोरीने एवढं पोटात ठेवावं, आणि ते कुणासाठी ठेवावं, हे मनात आलं की ती ताटावरून उठायची.

महिना उलटल्यावर एका शनिवारी, दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून, ती मायक्रोबसने शेतावर गेली. राखणदार सालेम म्हातारा होता, भला होता. त्याने तिला खुर्ची आणून दिली, चहा ठेवला.

"पहिले आठ दिवस फाटकाकडे तोंड करून बसायचा, बाई. गाडी आली की उठायचा. आता नाही उठत."

"खातो का?"

"खातो. पुढ्यात आणून ठेवलं तर."

बोंदोक आंब्याच्या बुंध्याशी साखळीला होता. बरगड्या दिसत होत्या. तिने हाक मारली तसे त्याचे कान उभे राहिले. तो उठला, आला, आणि तिच्या मांडीवर सगळा भार टाकून टेकला. नऊ वर्षं टेकायचा तसाच. कुईकुई नाही की उड्या नाहीत. ती खाली मातीत बसली. तासभर त्याच्या मानेत हात घालून बसली. उठायची वेळ झाली तेव्हा तो आपणहून बाजूला झाला आणि झाडाकडे जाऊन पडला. ती फाटकापर्यंत चालत गेली. तिने वळून पाहिलं. त्याने नाही.

घरी आली तेव्हा मार्लीन स्वयंपाकघरात भेंडी निवडत होती. ओदेतने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"त्या दिवशी बोंदोक पलंगावर नव्हता," ती म्हणाली. "मी माझी पेटी काढली होती. जुनी रजई होती, बुरशी धरलेली. युस्तिना तिच्यात खेळली. मी खोटं बोलले."

मार्लीनने हातातली भेंडी मोडली, टोक बघितलं आणि भांड्यात टाकली.

"मला माहीत आहे."

"काय?"

"तिच्या केसांत गुलाबी धागे होते. दुसऱ्या दिवशी मी पोटमाळ्यावर चढले." ती ओदेतकडे बघत नव्हती. "तपासणीही करून घेतली मी, चाळिसाव्याच्या आधीच. धूळ आणि बुरशी, खूप. कुत्रा, थोडासा. अगदी थोडासा."

"मग त्या दिवशी तू..."

"मी काय? तू बोलशील म्हणून मी बसून होते. शपथेवर सांगते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू 'नाही' म्हणालीस." मार्लीनने खांदे उडवले. "मला तो नकोच होता. मला लहानपणी चावलाय तसला कुत्रा, त्यांच्यासमोर मला कधी नीट उभं राहता येत नाही. पण नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसतो. तू माझं काम सोपं केलंस."

"मी रऊफला सांगते. आपण त्याला परत आणू."

"सांग. आणेल तो. आजच्या आज आणेल, तू सांगितलंस तर तुझ्या बाजूने होईल, मी रडले तर माझ्या." आता तिने वर पाहिलं. डोळ्यांत दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "मग युस्तिना तुला विचारेल की महिनाभर गप्प का बसलीस. मला विचारेल, मलाही माहीत होतं का. दोघींनी काय सांगायचं ते तू ठरव, आणि मग जा रऊफकडे."

ओदेत उभी राहिली. दिवाणखान्यात रऊफ टीव्हीवर सामना बघत होता, बिशॉय मिशमिशला चेंडू टाकत होता. सात-आठ पावलांचं अंतर. तिने पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि समोरच्या ढिगातली एक भेंडी उचलली. मार्लीनने दुसरी सुरी तिच्याकडे सरकवली.

युस्तिना पाणी प्यायला आत आली. पेला भरला, प्यायली आणि जाता जाता थांबली. ओदेतचा सुतकाचा काळा झगा मांडीपासून खालपर्यंत बोंदोकच्या तांबूस केसांनी भरला होता. ओदेतच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मार्लीनने पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

मुलगी गुडघ्यांवर बसली. आत्याच्या झग्यावरचा एकेक केस तिने दोन बोटांनी उचलला आणि डाव्या मुठीत ठेवत गेली. घाई केली नाही. कुठे गेली होतीस विचारलं नाही, कसा आहे तेही विचारलं नाही. ओदेतचा हात तिच्या डोक्याकडे गेला तशी तिने मान बाजूला केली. मूठ भरल्यावर ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सुऱ्या थांबल्या. दोघी बायका त्या बंद दाराकडे कान लावून बसल्या. कितीतरी वेळ बसल्या. खोकला आला नाही.